हिरो नेमका कोणावर चिडलाय

‘खड्गसम्राट’चा टीझर मी सतरा वेळा पाहिला. आवडला म्हणून नाही. पावणेदोन मिनिटांत इतक्या चुका कशा बसवल्या, ते मोजायला तेवढा वेळ लागला. तलवार म्यानातून निघताना जो आवाज येतो तो आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या दाराला येतो. सैन्य म्हणे दहा हजारांचं, पण थांबवून बघितलं तर एकच दाढीवाला नऊ ठिकाणी उभा आहे. घोडे पळतात आणि धूळ जागची हलत नाही. राहिला हिरो. त्याचं नाव मी लिहीत नाही, तेवढीच जाहिरात कमी.

मी नमिता. अष्टमीला राहते, पूल ओलांडून रोह्यात शाळेत जाते, अकरावीला आहे. आमच्या शाळेच्या जिन्याखाली सुविचाराचा फळा आहे. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात बोलले की सर म्हणायचे, जरा जोरात. मग एकदा सुविचार लिहिणारी मुलगी आठवडाभर आली नाही आणि मला खडू मिळाला. सुविचार आठवेना, म्हणून मी लिहिलं: “‘लंडनमध्ये लगीनघाई’ बघू नका. सगळे लंडनला गेले, गोष्ट तेवढी घरी विसरली.” मला वाटलं, आता बोलावणं येणार. आलंही. मुख्याध्यापक म्हणाले की काल त्यांनी तोच पिक्चर सहकुटुंब पाहिला आणि हे त्यांना आधी कळायला हवं होतं. तेव्हापासून सोमवारचा फळा माझा.

त्यानंतर मी कोणाला सोडलं नाही. मोबाइलवर ‘पाचवा मजला’ नावाची मालिका आली, आठ भाग. त्यातली गोष्ट रोह्याहून कोलाडला पोचेपर्यंत सांगून संपते, वर वडापाव खायला वेळ उरतो. ‘माळ्यावरची सावली’मध्ये कोकण दाखवलंय. म्हणजे एक विहीर, एक वेडा म्हातारा आणि कंदील. आमच्याकडे कंपन्यांच्या तीन-तीन शिफ्ट चालतात, पण पिक्चरवाल्यांच्या कोकणात अजून वीजच पोचलेली नाही. मुंबईची नायिका येते, सगळे नको म्हणत असताना विहिरीत वाकते आणि मग किंचाळते. मी विहीर असते तर मीच किंचाळले असते.

तर, मला पिक्चरमधलं कळतं असं शाळेत सगळे म्हणायला लागले. पेणला माझी नूतनमामीही म्हणायला लागली, आणि तिथून पुढचं सगळं झालं.

मामी रामवाडीला राहते. सोळा वर्षं ती दुसऱ्यांच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे काढत होती. पेणला कारखाना म्हटलं की गणपतीचाच. तिथे शाडू मळणारे वेगळे, साच्यातून काढणारे वेगळे, रंगवणारे वेगळे, आणि सगळ्यांत शेवटी डोळे काढणारा येतो. त्या कामाला आखणी म्हणतात. मामी आखणीला बसली की बाजूचे रेडिओ बंद करायचे. तिचे डोळे लांबून ओळखू येतात. तुम्ही शेडच्या दारात उभे असा नाहीतर खांबामागे, गणपती तुमच्याकडेच बघत असतो, आणि काय झालं, सांग, असं विचारत असतो.

या वर्षी तिने घरामागे स्वतःची शेड घातली. साठ मूर्ती, पहिलंच वर्ष, हाताखाली आवडी. आवडी नदीकाठच्या आदिवासी वाडीवरची, मामीएवढीच, शाडू मळायला तिचा हात धरणारा पेणमध्ये दुसरा नाही. आणि साठच्या साठ मूर्ती मुंबईचा एक व्यापारी घेणार होता, प्रविण शेठ. त्याची अट एकच, सगळे ‘खड्गसम्राट’ पाहिजेत.

हे बाहेरच्यांना विचित्र वाटतं, पण आमच्याकडे दर वर्षीचं आहे. जो पिक्चर गाजेल त्यातल्या हिरोसारखा गणपती उभा राहतो. कधी धनुष्य, कधी तलवार, एका वर्षी तर गॉगल. अडचण अशी, की पिक्चर येतो श्रावणात आणि मूर्तीचं काम सुरू होतं होळीला. म्हणजे जो पिक्चर अजून धड तयार झालेला नाही, तो चालणार की पडणार यावर पेणमध्ये चैत्रात चर्चा चालते, तीही गुडघाभर मातीत उभं राहून. शेठने चैत्रातच पोस्टर पाठवलं होतं. एक पाय खडकावर, छाती पुढे, हात तलवारीच्या मुठीवर. मामीला ते पटलं नव्हतं. पण शेठने साठही उचलले तर शेड पुढच्या वर्षी उभी राहणार होती, आणि नाही उचलले तर मामी परत दुसऱ्यांच्या मूर्तींना डोळे काढायला जाणार होती. इतकं साधं होतं ते.

आषाढ संपता संपता अंगं झाली, रंग झाले. साठ गणपती खडकावर पाय ठेवून बल्बखाली सुकत होते आणि एकालाही डोळे नव्हते. तेव्हा शेठने नवीन पोस्टर पाठवलं, नुसत्या चेहऱ्याचं. खाली निरोप होता: डोळे हुबेहूब असेच, रागीट.

त्या रविवारी मी मेमू गाडीने पेणला गेले. शेडमध्ये शिरले तर मामी पहिल्या मूर्तीसमोर पाटावर बसलेली, हातात ब्रश, आणि ब्रश कोरडा. आवडी म्हणाली, सकाळपासून अशीच बसलीय, चहा दोनदा गार झाला.

मामीने मोबाइल माझ्यापुढे धरला.

“नमे, तू सगळे पिक्चर बघतेस ना? मग सांग मला, हा नेमका कोणावर चिडलाय?”

मला हसू आलं. मी म्हटलं, मामी, पोस्टर आहे ते, पोस्टरवर सगळे चिडलेलेच असतात. हसरा हिरो फक्त बनियनच्या जाहिरातीत.

“तसं नाय गो. डोळे काढायचे तर समोर कोण हाय ते ठाऊक पाहिजे. गणपतीसमोर माणूस हात जोडून उभा असतो. मी त्या माणसाकडं बघणारे डोळे काढते. ह्याच्यासमोर कोण उभं हाय?”

ती चेष्टा करत नव्हती. सोळा वर्षं तिने याच हिशेबाने डोळे काढले होते. मग मीही नीट कामाला लागले. पाटावर बसून पुन्हा टीझर बघितला. तिन्ही गाणी बघितली. एका गाण्यात तो बर्फात नाचतो, एकात वाळवंटात, दोन्हीकडे कपडे तेच. त्याच्या दोन मुलाखती ऐकल्या. मुलाखत घेणारी विचारते, एवढा राग कुठून आणलात? तो म्हणतो, आतून. बास. पुढे दहा मिनिटं तो काय जेवतो ते सांगतो. शूटिंग कसं केलं त्याचा एक व्हिडिओ होता, त्यात हेच पोस्टर काढताना दिसलं. मागे हिरवा पडदा, खाली प्लास्टिकचा खडक, समोर पंखा धरलेला एक माणूस. त्या पंखेवाल्यावर चिडला असेल तर मला माहीत नाही. खलनायक आणि तो एका चौकटीत एकदाही नाहीत, बहुतेक दोघांच्या तारखा जुळल्या नसतील. संवाद आहे एक: “मी रागावतो तेव्हा इतिहास कूस बदलतो.” बदलेना का. रागावतो कशावर ते सांग की.

आवडी मागून वाकून बघत होती. तिला तो हिरो फार आवडतो, तिच्या घरी भिंतीवर त्याचं कॅलेंडर आहे. तरी ती म्हणाली, “ह्याच्या डोळ्यात धूर गेलाय. ओली लाकडं घातली की माझे असेच होतात.”

मी मान वर केली आणि निकाल दिला. अगदी फळ्यावर देते तसा. म्हटलं, मामी, हा कोणावरच चिडलेला नाही. याला कोणीतरी म्हटलंय, चिड, आणि याने भुवया आवळल्या. गोष्टीत कारण नाही, दिग्दर्शकाला माहीत नाही, लेखक बहुतेक नेमलाच नाही. आणि हा पिक्चर पहिल्या सोमवारी उतरणार, हवं तर लिहून देते.

मामीने पोस्टरकडे आणखी एकदा बघितलं. मग ब्रश ठेवला, हात पुसले आणि शेठला फोन लावला. तिने सांगितलं की अंग पिक्चरचं झालंय, ते घ्या, पण डोळे मी माझे काढणार. शेठ तिकडून बराच वेळ बोलत होता. त्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, शब्द नाही. मधेच मामी म्हणाली, भाचीने सगळं बघून सांगितलंय, कारण नाय. त्यावर तो जे बोलला ते मात्र मला ऐकू आलं.

“ताई, तुमची भाची मूर्ती विकायला येणार हाय का लालबागला? रागीट डोळे असतील तर कळवा, नायतर ठेवा तुमच्याकडंच.”

मामीने ठेवते म्हटलं आणि मूर्तींबरोबर फोनही ठेवला.

संध्याकाळी कमळाकरमामा कंपनीतून शिफ्ट करून आला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, मी काय बोलत नाय. आणि मग अर्धा तास बोलला. कोण कुठल्या पोरीचं ऐकून आलेली ऑर्डर सोडतं, हे त्याने मला बघून नाही, भिंतीला बघून विचारलं.  साठ गणपती बिनडोळ्यांचे ऐकत होते.

परतीच्या मेमूत मी खिडकीशी बसले. कासू गेलं, नागोठणं गेलं. आजवर मी कितीतरी पिक्चरना पडणार म्हटलं होतं, पण पडले काय, चालले काय, माझं काही जात नव्हतं. फळा सोमवारी पुसला जातो. हे आता पुसलं जाणार नव्हतं. ‘खड्गसम्राट’ पडायलाच हवा होता. तो पडला असता तर शेठने दुसऱ्या कारखान्यांतून घेतलेल्या मूर्ती न विकता राहिल्या असत्या, मामी शहाणी ठरली असती आणि मामाने भिंतीची माफी मागितली असती. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे एखादा पिक्चर पडू दे म्हणून मागणं केलं. गणपतीकडे नाही, तो या प्रकरणात अडकलेला होता. आमच्या ग्रामदैवताकडे, धावीर महाराजांकडे केलं.

महाराजांनी ऐकलं नाही. ‘खड्गसम्राट’ शुक्रवारी लागला आणि शुक्रवारीच डोक्यावर घेतला गेला. शनिवारी आमच्या वर्गातली मुलं बाकावर एक पाय ठेवून फुटपट्टीच्या मुठीवर हात ठेवून उभी. सुजय तर गणिताच्या सरांकडेही तसंच बघायला लागला. त्याच्या रागाला निदान कारण होतं, चाचणीचे मार्क. सोमवारी पिक्चर उतरला नाही. मंगळवारी आणखी चढला. मी त्या सोमवारी फळ्यावर काहीच लिहिलं नाही, आणि मुख्याध्यापकांनी जाता जाता विचारलं, बरं नाही का?

पुढच्या रविवारी पेणला जायला पाय उचलत नव्हते. पण मामीचाच फोन आला. म्हणाली, ये, आपण तिघी पनवेलला जाऊन तो पिक्चर बघू. मला बघायचंय तो कोणावर चिडलाय ते.

रामवाडीहून एसटीने गेलो. आवडीने ओच्यात उकडलेल्या शेंगा लपवून आणल्या होत्या, त्या दारावरच्या बाईने काढून ठेवून घेतल्या. आवडी तिला म्हणाली, खाऊ नको, मोजल्यात. आत माणसांचा नुसता खच होता.

पिक्चरबद्दल काय सांगू. पहिल्या तासात हिरोचा जन्म होतो. एक तास. पाळण्यात असताना तो सापाला उचलून फेकतो, साप बघूनच कळतं की तो रबराचाही नाही, संगणकाचा आहे. दुसऱ्या तासात त्याला नायिका भेटते. ती धबधब्याखाली घागर भरत असते, धबधब्याखाली कोण घागर भरतं, फुटेल ना. तिला एकूण चार वाक्यं, त्यातली तीन “नाथ” अशी. युद्ध होतं, संपतं, परत होतं. दाढीवाला तोच माणूस दोन्ही सैन्यांत लढतो आणि एकदा स्वतःलाच मारतो, ते मी मोजून बघितलं. आणि लोक? लोक शिट्ट्या वाजवत होते. आवडी हिरोच्या आईच्या मरणाला रडली, पदर ओला केला. मी तिला म्हटलं, अगं ती आई मेलेली असताना श्वास घेतेय, पोट बघ.

आवडीने माझ्याकडे न बघताच सांगितलं, “तू पिक्चर बघतेस का भाताची कणी निवडतेस, बाय?”

 मी त्या आईच्या पोटावरून नजर काढली.

आणि मग शेवटाला ते आलं. तो खडक. तो पाय. वाऱ्याने केस उडाले, पंखेवाला मला आठवला. हिरो सावकाश वळला, मुठीवर हात ठेवला आणि पडदाभर ते डोळे, चिडलेले, थेट समोर. थिएटर उठून उभं राहिलं. मामी खुर्चीत पुढे सरकली, दोन्ही हात गुडघ्यांवर, आखणीला बसते तशी. आता समोरचा दिसणार. आता कळणार. पडदा काळा झाला. अक्षरं आली: या रागाचं कारण, भाग दुसऱ्यात.

त्या अंधारात आणि शिट्ट्यांत मामी शांतपणे म्हणाली, “म्हंजे यांनाच ठाऊक नाय.” पुढच्या रांगेतल्या तिघांनी वळून बघितलं.

बाहेर एसटीची वाट बघत आम्ही उभ्या होतो. आवडीला शेंगा परत मिळाल्या होत्या, त्या ती सोलून आम्हाला देत होती. मी माझ्या शेंगा मुठीतच धरल्या होत्या. शेवटी मी बोलले. म्हटलं, मामी, मी चुकले. मी म्हटलं होतं पडणार, आणि हा तर पुढच्या होळीपर्यंत चालेल. माझ्यामुळे तुझी ऑर्डर गेली.

“चालणार ते मला तेव्हाच माहीत होतं गो. शेठ वीस वर्षं हा धंदा करतोय, तो काय खुळा हाय?”

“मग फोन का केलास?”

“मी तुला चालणार का असं विचारलंच नव्हतं. कोणावर चिडलाय ते विचारलं. तू म्हणालीस कोणावरच नाय. आत्ता डोळ्यांनी बघून आले ना, ते खरं निघालं.” तिने शेंगेचं टरफल पिशवीत टाकलं. “कोणावर नसलेला राग मी कसा काढू? आणि तो घरात दीड दिवस, पाच दिवस बसायचा. लहान पोरं जेवतात त्याच्यासमोर.”

तिने चिडून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. ती नुसतं सांगत होती. साठपैकी बेचाळिसांचे डोळे तिने तोवर काढले होते, तिचे नेहमीचे, काय झालं सांग असं विचारणारे. आणि एकही मूर्ती कोणी सांगून ठेवलेली नव्हती. पेणमध्ये एकदा मोठ्या व्यापाऱ्याने सोडलेला माल दुसरा व्यापारी बघायलाही येत नाही, त्यात काहीतरी खोट असणार असं धरून चालतात. आवडी म्हणाली, घरगुती गिऱ्हाईक येईल. येईल, पण साठ घरं नाही येणार, हे तिलाही माहीत होतं.

चतुर्थीला आठ दिवस राहिले असताना मी पुन्हा पेणला होते. दुपारी शेडसमोर टेम्पो थांबला आणि प्रविण शेठ स्वतः उतरला. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं मिशीवाला, अंगठीवाला असेल, पिक्चरमधला व्यापारी असतो तसा. हा बारीक, चष्मेवाला, घामाने थबथबलेला माणूस. दुसरीकडून उचललेले त्याचे सगळे ‘खड्गसम्राट’ चार दिवसांत गेले होते आणि मंडळांचे, घरांचे फोन थांबत नव्हते. सगळं पेण पालथं घालून तो इथे आला होता.

तो मूर्तींच्या रांगेतून फिरला. अंग बघून खूश, तोंड बघून नाराज. गिऱ्हाईक नाही म्हणून मामीने ठेवून दिलेल्या अठरा मूर्तींना अजून डोळे नव्हते, त्यांच्यापाशी तो जरा थांबला. मग त्याने मामीला मार्ग सांगितला. बेचाळिसांच्या डोळ्यांवर पांढऱ्या रंगाचा हात मारायचा, परत काढायचे, अठरांचे तसेच नवे, दोन दिवसांत होईल, साठही आत्ता घेतो.

मामी म्हणाली, “उघडलेले डोळे मी पुसत नाय.”

“मग अठरा तरी द्या, ताई.”

 मामीची नजर शेडच्या पत्र्याकडे गेली आणि परत आली. मग तिने माझ्याकडे बघितलं. मला कळलं की ही आता अठरांचं हो म्हणणार. अठरांवर शेड निभत नाही, पण अठरांनी सुरुवात होते, आणि पुढच्या वर्षी छत्तीस, आणि मग कधीतरी सगळेच. मला मामाची भिंत आठवली. मला आवडीची कणीही आठवली. पडणार, चालणार यातलं मला काही कळत नव्हतं, हे सिद्ध झालेलं होतं. पण पिक्चर तर मीच बघितला होता ना, नीट, एकेक दाढी मोजून.

मी म्हटलं, “शेठ, तुम्ही पिक्चर बघितलात?”

तो म्हणाला, वेळ कुठे हाय. मग कळलं की त्याने वीस वर्षांत एकही बघितलेला नाही. तो पोस्टर बघतो. मला इतकं नवल वाटलं की क्षणभर मी त्याला वाईट म्हणायचंच विसरले. मग मी त्याला शेवट सांगितला. खडक, पाय, डोळे, काळा पडदा, भाग दुसरा. राग पहिल्या भागात येतो आणि तिथेच पिक्चर संपतो. दुसऱ्या भागात तो उतरावाच लागणार, नाहीतर परत तीन तास लोकांनी काय बघायचं, भुवया? आणि राग उतरला की खडकावर पाय तसाच असेल, तलवार तशीच असेल, आणि डोळे हे असे असतील. मी बोट केलं. “मी तो पिक्चर काढला असता तर शेवटी त्याने असंच बघितलं असतं. यांना जमेल की नाही ते मला माहीत नाही. बहुतेक नाही जमणार.”

शेठने चष्मा पुसला. तो सगळ्यांत जवळच्या मूर्तीसमोर जाऊन उभा राहिला. एक पाऊल डावीकडे सरकला, मग उजवीकडे. गणपती त्याच्याकडे बघतच होता. शेठ बराच वेळ तिथे होता. काय झालं ते त्याने सांगितलं की नाही मला माहीत नाही, पण घाम पुसायचा थांबला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि कोणालातरी लावला.

“ऐक. भाग दोनचा लूक हाय आपल्याकडं. व्हय, राग उतरल्यानंतरचा. पिक्चर यायच्या आधी. कोणाकडंच नाय.”

मी तोंड उघडलं. भाग दोनचा लूक असं मी म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं की तसा असायला हवा, आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय ज्या पिक्चरला मी सतरा वेळा शिव्या घातल्या त्याच्याच पुढच्या भागाची जाहिरात माझ्या तोंडून सुरू झाली होती. मी हे सगळं सांगणार होते. आवडीने माझ्या हातात मातीचा गोळा दिला आणि म्हणाली, धर जरा.

बेचाळीस त्याच दुपारी टेम्पोत चढले, पेंढा लावून, दोन खेपांत. अठरांचे डोळे मामीने दोन दिवसांत काढले, रेडिओ बंद ठेवून. मामा शिफ्टवरून आला, रिकामी होत आलेली शेड बघितली आणि म्हणाला, मी म्हटलंच होतं. काय म्हटलं होतं ते कोणी विचारलं नाही.

शेवटची खेप न्यायला शेठ परत आला तेव्हा निघताना दारात घुटमळला. म्हणाला, ताई, लोकांना आवडलेत. मग माझ्याकडे वळून विचारलं, तो भाग दोन कधी येतोय? मी म्हटलं, दोन वर्षांनी म्हणतात, न आला तरी चालेल.

“म्हंजे पुढल्या वर्षाला दुसरा पिक्चर बघायला पाहिजे. कोणता धरूया, ताई?”

मामी शेवटच्या मूर्तीचा पाट पुसत होती. तिने मान वर केली नाही.

“शेठ, पुढल्या वर्षी मी डोळे आधी काढते. तशा डोळ्यांचा हिरो तुम्ही शोधा.”

शेठने मान डोलावली, जणू हे रोजचंच आहे, आणि मलाच सांगितलं की तू बघतेस ना सगळं, तर सापडला की कळव.

तेव्हापासून मी शोधतेय. पुढच्या वर्षी येणारे एकवीस टीझर बघून झाले, मोबाइलवरचे धरून. सात जण चिडलेत, नऊ जणांना ऊन लागतंय, चौघे आरशात बघितल्यासारखे बघतात. एका पिक्चरमध्ये हिरोची मोठी बहीण दारात उभी राहून विचारते, जेवलास का. तिचे डोळे बरोबर आहेत. पण तिला एकच सीन दिलाय, आणि पोस्टरवर ती नाही.